समुद्राचे बिऱ्हाड

मुलांनो, बिऱ्हाड हलवताना घरात केवढी गडबड उडते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. भांडी पेट्यांत जातात, गाद्यांच्या वळकट्या होतात, कपाट टेंपोत चढते. गुलाबाची कुंडी कोणीतरी मांडीवर घेऊन बसते. पण समजा, त्या घरात काचेची एक मोठी टाकी आहे. तिच्यात खारे पाणी आहे, रंगीत मासे आहेत आणि जिवंत प्रवाळही आहेत. घरातला हा लहानसा समुद्र दूरच्या गावी कसा न्यायचा?

प्रवाळ म्हणजे पोवळे. हिंदी-उर्दूत त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतात. अंगठीतले पोवळे खड्यासारखे दिसते, पण मुळात तो समुद्रातील प्राण्यांचा सांगाडा असतो. आपल्या देशात २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे! त्यामुळे समुद्रातून प्रवाळ काढून घरी आणणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. अमेरिका, जर्मनी अशा देशांत मात्र मुद्दाम वाढवलेले प्रवाळ विकत मिळतात आणि हौशी लोक ते घरी पाळतात.

ही हौस बरीच जुनी आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाई टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या होत्या. तेथे त्यांना पेल्याच्या आकाराचे लहान लहान प्रवाळ मिळाले. ते त्यांना फार आवडले. दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून त्यांनी ते प्रवाळ लंडनला नेले. टॉर्कीपासून लंडन सुमारे ३०० किलोमीटर आहे. पाणी सगळ्या बाजूंनी लागावे, म्हणून त्यांनी प्रवाळ चक्क सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला शिवले होते.

खरी अडचण लंडनमध्ये आली. तेथे रोज समुद्राचे ताजे पाणी कोठून आणणार? बरणीतील प्राणवायू संपला, की प्रवाळ मरणार. मग उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा पहिल्या भांड्यात ओतायचे, असा क्रम सुरू झाला. आपण चहा निववतो, तसेच हे होते. त्यामुळे हवा पाण्यात मिसळत असे. हे कष्टाचे काम घरची मोलकरीण करी. लोक ॲना थिन यांचे नाव घेतात, ते योग्यच आहे. पण मला त्या मोलकरणीचे दुखरे हातही आठवतात. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या आणि ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले ते १८५३ साली, म्हणजे त्यानंतर.

आता आजच्या काळात या. अमेरिकेतील एक कुटुंब शिकागोहून डॅलसला राहायला चालले आहे, असे समजा. मोटारीने हा सुमारे १५०० किलोमीटरचा, दोन दिवसांचा प्रवास आहे. टाकीत ३०० लिटर पाणी आहे. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ३०० किलोहून अधिक झाले. भरलेली टाकी उचलली, तर काचांचे जोड निखळतात. म्हणून टाकी रिकामी करावीच लागते.

तुम्हांला वाटेल, जुने पाणी जपून न्यायला हवे. तसे नाही. पाणी नवे करता येते. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात खास मीठ विरघळवले, की समुद्रासारखे पाणी तयार होते. जपायला हवेत ते दगड! टाकीतील सच्छिद्र दगडांवर असंख्य सूक्ष्म जीवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात येतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट बनवतात. तेही विषारीच असते. मग दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते माशांना फारसे बाधत नाही. हे जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. पण ते मेले, तर माशांचा स्वतःच्याच घाणीने जीव जातो. जीवाणूंची नवी वस्ती तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून दगड पाण्याच्या पिंपात बुडवून न्यायचे किंवा निदान ओल्या कापडात गुंडाळायचे. ते वाळता कामा नयेत. तळाची जुनी वाळू मात्र तशीच उचलून नेऊ नये. तिच्यात साठलेली घाण ढवळली गेली, तर पाणी नासते. ती धुऊन घ्यावी किंवा नवी आणावी.

माशांना निघण्याच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवतात. यात निर्दयपणा नाही. पोट रिकामे असले, की प्रवासात पाणी कमी घाण होते. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत ठेवतात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरतात. सर्जन मासा नावाचा एक मासा आहे. त्याच्या शेपटीपाशी चाकूसारखा धारदार काटा असतो. त्याला एकेरी पिशवीत ठेवले, तर काय होईल ते सांगायला नको! प्रवाळांनाही एकमेकांपासून दूर ठेवतात, कारण ते शेजाऱ्याला दंश करतात. काही जण प्रवाळ थर्माकोलच्या तुकड्याला बांधून पिशवीतील पाण्यावर उलटे तरंगत ठेवतात, म्हणजे ते कशावर आपटत नाहीत. ॲना थिन यांचा स्पंज आठवला ना? सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या बंद खोक्यात जातात. अंधारात मासे शांत राहतात. शिकागोच्या हिवाळ्यात पाणी थंड होऊ नये, म्हणून खोक्यात ऊब देणाऱ्या पुड्याही ठेवतात.

मुक्कामी पोहोचल्यावर सगळे थकलेले असतात आणि चूक होते ती नेमकी तेव्हाच. पिशवीतील मासा दोन दिवस श्वास घेत होता. त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पाणी किंचित आम्ल झालेले असते. अशा पाण्यात अमोनिया सौम्य रूपात राहतो. पण पिशवी उघडताच, सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे, तो वायू निघून जाऊ लागतो. पाण्यातील आम्लपणा कमी होतो आणि तोच अमोनिया जहाल बनतो. एखादा प्रेमळ माणूस म्हणतो, 'बिचाऱ्याला नव्या पाण्याची सवय होऊ दे.' तो उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी टाकत बसतो. इतका लांबचा प्रवास सोसलेला मासा त्याच्या डोळ्यांदेखत मरतो.

त्यापेक्षा घाई बरी; मात्र तयारी आधी हवी. प्रथम टाकीत दगड, वाळू आणि पाणी घालायचे. पंप चालू करायचा. पाणी २५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम होऊ द्यायचे. त्याचा खारेपणा पिशवीतील पाण्याइतका आहे ना, हे मोजून घ्यायचे. मग बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होते. त्यानंतर पिशवी उघडायची आणि मासा लगेच जाळीने उचलून टाकीत सोडायचा. पिशवीतील पाणी टाकीत ओतायचे नाही.

पहिले काही दिवस दिवे मंद ठेवतात. मासे दगडांच्या कपारीत दडून बसतात. प्रवाळ मुठीसारखे मिटलेले असतात. घरातली मुले दर तासाला येऊन काचेला नाक लावून पाहतात. मग एके दिवशी दिवे मालवल्यावर प्रवाळाच्या टोकाशी बारीक बोटांसारखे स्पर्शक बाहेर येतात आणि पाण्याबरोबर हळूहळू हलू लागतात.