तिकीट आणि पाणी

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्यात, १६ तारखेस दुपारी, मुंबईच्या बोरीबंदरावरून एक आगगाडी ठाण्याकडे निघाली. चौदा डबे, ते ओढणारी तीन इंजिने आणि आत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. अंतर अवघे ३४ किलोमीटर. परंतु हिंदुस्थानातील प्रवासी आगगाड्यांचा आरंभ या गाडीने झाला. दुसऱ्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून रूळ कल्याणपर्यंत पोहोचले.

बैलावाचून धावणाऱ्या या वाहनाचे लोकांना मोठे नवल वाटले. पण त्याहून मोठे नवल डब्याच्या आत होते. कोणी कोणत्या विहिरीवर जावे, कोणी कोणापासून किती दूर उभे राहावे, हे गावात जन्मावरून ठरे. त्याच गावची माणसे येथे एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसू लागली. तिकीट देणारा कारकून पैसे मोजून घेई. जात विचारीत नसे. गाडीत पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते खरे, आणि तिसऱ्या वर्गात कोंडलेल्या उतारूला तो भेद चांगलाच जाणवे. परंतु तो पैशाचा भेद होता. पैसे मिळविता येतात. जन्म बदलता येत नाही.

गाडी थांबली, की मात्र जुने जग पुन्हा समोर उभे राही. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ निराळे, ‘मुसलमान पाणी’ निराळे. ज्यांना समाज अस्पृश्य मानी, त्यांची तहान तर दुसऱ्याच्या मर्जीवरच अवलंबून असे.

कल्याणहून एक मार्ग नाशिककडे व एक पुण्याकडे गेला. पुढे साताऱ्याच्या मुलखातही आगगाडी धावू लागली. तेथे १९०१ साली मसूर स्टेशनवर चार मुले उतरली. अंगावर नवे कपडे होते, तिकीट रीतसर काढलेले होते आणि आगगाडीचा त्यांचा हा पहिलाच प्रवास होता. त्यांना गोरेगाव येथे वडिलांकडे जावयाचे होते. परंतु मुले येत असल्याचा निरोप वडिलांना मिळालाच नव्हता. स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच तो चटकन मागे सरला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला. अट अशी, की गाडी मुलांनीच हाकावी, तो बाजूने पायी चालेल. वाटेत पिण्याजोगे पाणी कोणी दिले नाही. शिदोरी भरपूर होती, पण पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. मुले उपाशीच झोपली.

त्या चौघांतील एक होता भीमराव आंबेडकर.

१९२७ च्या मार्च महिन्यात याच भीमरावांनी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने आधीच केला होता. तो कागदावरच राहिला होता. पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमात तर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. इतक्या साध्या वस्तूंची नावे देशाच्या सर्वोच्च कायद्यात का यावीत, याचे उत्तर मसूरच्या वाटेवर सापडते. १९५५ साली खास कायदा होऊन पाणवठ्यावर वा वाहनात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास अडविणे हा गुन्हा ठरला. १९७६ पासून तो ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. एवढ्याने मनांतील भेद एका रात्रीत पुसला गेला नाही. परंतु अडविलेल्या माणसाला आता विनवणी करावी लागत नाही, तो तक्रार नोंदवू शकतो.

आगगाडीतील तिसरा वर्गही १९७४ साली गेला. स्त्रियांचा व अपंगांचा डबा मात्र निराळा आहे. मग हा भेद नव्हे काय? मसूरला मुलांना दूर ठेवले ते वाहनात बसू न देण्यासाठी. हा डबा राखला आहे तो गर्दीत मागे लोटल्या जाणाऱ्यांना वाहनात बसता यावे म्हणून. स्त्रिया व मुले यांच्यासाठी अशी खास तरतूद करण्यास तेच १५ वे कलम मोकळीक देते.

सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर गाडी येते. तिघांच्या बाकावर तिघे बसलेले असतात. चौथा उतारू जवळ येतो आणि म्हणतो, “जरा सरकून घ्या.” तिघेही सरकतात. त्याचे नाव कोणी विचारीत नाही.