लूप लावण्याआधी लयीचा धनी ठरवा

अमरावती-अकोल्याकडच्या तरुण वादकांच्या पेटाऱ्यात ऑक्टोपॅडच्या जोडीला सॅम्पलर नाहीतर लूप स्टेशन दिसू लागलं आहे. ऑर्केस्ट्रात गाणी ठरलेली असतात, तिथे ही यंत्रं बिनबोभाट चालतात. खरी कसोटी लागते ती काहीही न ठरवता वाजवायला बसल्यावर. एक खंजेरी, एक पेटी, एक गळा, आणि पुढच्या क्षणी काय येणार हे कोणालाच ठाऊक नाही. अशा वादनात मी लूप वापरतो, म्हणजे वाजवलेला तुकडा यंत्रात धरून सतत फिरवत ठेवतो आणि त्यावर पुढचे थर रचतो. त्यात जे धोके पाहिले ते नव्याने यंत्र घेणाऱ्यांना आधीच कळावेत, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठा धोका लयीचा. पहिला लूप धरला की मैफलीची लय तिथेच गोठते, आणि मग सगळे त्या लयीचे चाकर. आपलं भजन अशा गोठलेल्या लयीवर उभं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घराघरात नेलेलं खंजेरी भजन घ्या. ते संथ सुरू होतं आणि चढत जातं. हा चढ कोणी मोजून देत नाही. खंजेरीवाला गाणाऱ्याचा श्वास आणि समोरच्यांच्या टाळ्या ऐकून तो देतो. मोझरीकडच्या एका भजनी मंडळासोबत तालमीला बसलो होतो, तेव्हा केरव्याचा लूप फिरत होता. तिसऱ्या कडव्याला मंडळाने सवयीप्रमाणे लय उचलली आणि लूप मागे राहिला. खंजेरीवाल्या काकांनी हात थांबवला, खंजेरी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "भाऊ, मी लय वाढवली तं थे मशीन काऊन नाही वाढवत? त्याले कान नाही काय?"

मला तरी यापेक्षा नेमका प्रश्न या यंत्राबद्दल कोणी विचारलेला नाही. फिरत राहणारी धून आपल्याला नवी नाही. एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा तासभर तोच फिरतो. पण लेहरा धरणारा माणूस तबलजीकडे कान लावून असतो. लय चढली की तोही चढतो, तिहाईच्या वेळी सम ठळक करतो. यंत्रावर टेम्पोची कळ फिरवून लय वाढवता येते हे खरं. पण ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाढते, आणि फार वाढवली तर खंजेरीच्या झांजांचा नाद फाटतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: ठेका लूपमध्ये घालू नका. सूर घाला. षड्ज-पंचमाचा लांब स्वर, पेटीचा भरणा, गळ्याचा नुसता हुंकार. ज्यात आघात नाही ते लयीला अडवत नाही. ठेका माणसाच्या हातात राहू द्या. एक पथ्य मात्र पाळा. तो सूर काळी दोनमध्ये धरला असेल आणि मग काळी चारमध्ये गाणारी ताई उठली, तर लूप ओढून-ताणून वर नेऊ नका, नवा धरा.

तरीही ठेका धरायचाच असेल तर हिशेब समजून घ्या. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने केरव्याचं एक आवर्तन ४ सेकंदांचं होतं. लूप बंद करायची कळ सेकंदाचा दहावा भाग उशिरा दाबली गेली, तर ते ४.१ सेकंदांचं होतं. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण पंधरा आवर्तनांत, म्हणजे जेमतेम मिनिटभरात, दीड सेकंद साचतो. दीड सेकंद म्हणजे तीन मात्रा. तबलजी समेवर आणि लूप भलतीकडेच. तेवढाच उशीर चार आवर्तनांच्या लूपमध्ये झाला तर मिनिटाला मात्राभरही फरक पडत नाही. तेव्हा लूप नेहमी लांब धरा, आणि कळ पायाने दाबणार असाल तर रोज रियाझात ती समेवर दाबायची सवय करा. सॅम्पलरवर पॅड वाजवून ठेका भरत असाल, तर क्वांटाइझ मात्र बंदच ठेवा. ते प्रत्येक आघात ओढून सारख्या अंतरावर बसवतं, आणि भजनी ठेक्याचा झोल तिथेच मरतो.

आता विजेचं. अकोल्यात भर मे महिन्यात एका सभागृहात लाईट गेली, जनरेटर लागला, आणि मधल्या दोन क्षणांत लूप स्टेशन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तोवर रचलेले सगळे थर गेले. सेव्ह न केलेला लूप वीज तुटली की उरत नाही. आपल्या भागात हे गृहीतच धरायला हवं. पाच ट्रॅकचं आरसी-५०५ लूप स्टेशन विजेवरच चालतं, त्याला छोटा यूपीएस लावा. एसपी-४०४ सॅम्पलर सहा पेन्सिल सेलवर चालतं, हा त्याचा मोठा गुण मला वऱ्हाडात वाजवताना कळला. कमीत कमी तानपुऱ्याचा सूर तरी बॅटरीवरच्या यंत्रात असू द्या. त्या दिवशी तो होता, म्हणून गाणं थांबलं नाही.

आणखी एक धोका माइकचा. माइकवरून लूप धरताना समोरच्या मॉनिटर स्पीकरचा आवाजही त्यात शिरतो. पहिला थर दुसऱ्यात, दोन्ही तिसऱ्यात, आणि पाचव्यापर्यंत नुसता गोंगाट उरतो. साउंडवाल्या दादांना आधीच भेटा. लूपचा आवाज मॉनिटरमध्ये कमी आणि वादकाच्या हेडफोनमध्ये जास्त द्यायला सांगा. खंजेरीला माइक वीतभर अंतरावर, मॉनिटरकडे पाठ करून ठेवा.

हे सगळं वाचून यंत्र नकोच, असं कोणी ठरवू नये. अमेरिकेतले संगीतकार टेरी रायली यांनी १९६३ साली दोन टेपरेकॉर्डरांतून एकच टेप फिरवून असे थर रचले, आणि तेच रायली १९७० साली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ज्याच्या हाती लूप होता, त्यालाच गळ्याची तालीम हवीशी वाटली. वऱ्हाडातल्या वादकाकडे ती तालीम घरचीच आहे. भजनी मंडळात बसून ज्याचे कान तयार झाले, त्याच्याइतका चांगला लूप कोण चालवेल?

त्या खंजेरीवाल्या काकांसोबत मी अजूनही वाजवतो. लूप बंद करायचा फूटस्विच आता त्यांच्याकडे असतो. बैठकीत पाय मोकळा नसतो, म्हणून तो उजव्या गुडघ्याशी ठेवतो. लय उचलायची झाली की ते खंजेरीची थाप देऊन त्याच हाताने स्विच दाबतात, लूप थांबतो आणि मंडळ पुढे निघतं. नव्या लयीत स्थिरावल्यावर माझ्याकडे बघून मान हलवतात. मग मी नवा लूप धरतो.