मणक्याच्या ऑपरेशनमधली पावडर आणि टाक्यांची राखण

या वेळच्या आरोग्य पानावर एका पांढऱ्या पावडरीविषयी बोलायचं आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या घरांतून तिचं नाव ऐकू येतं. "टाके घालायच्या आधी डॉक्टरांनी आत पावडर टाकली, म्हणून पू झाला नाही," असं एक जण सांगतो. ते ऐकून दुसरा मेडिकलमधून पावडरीची डबी आणतो आणि घरी टाक्यांवर भुरभुरतो. डॉक्टरांनी आत टाकलेली पावडर वेगळी आणि ही डबीतली वेगळी. तो फरक समजला नाही तर चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं.

युसूफ वडगाव आणि केज तालुक्यातल्या वाचकांना पाठदुखी समजावून सांगायची गरज नाही. अशोक विजयादशमी झाली की वस्तीतली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्याला जातात. वाकून तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, हे पाच-सहा महिने चालतं. मग कुणी तरी सांगतं, "मणक्यात गॅप आहे." एक गोष्ट आधीच सांगतो: बहुतेक पाठदुखी ऑपरेशनशिवाय बरी होते. पायातली ताकद जाऊ लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मणका मोडला किंवा मणक्याच्या टीबीने नसा दाबल्या, तर मात्र वेळ घालवू नये. एरवी ऑपरेशनची घाई कुणी करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

आता जखमेत जंतू येतात कुठून ते पाहू. बहुतेक वेळा ते आपल्याच कातडीवरचे असतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू निरोगी माणसाच्या नाकात, काखेत, कातडीवर राहतो आणि एरवी त्रास देत नाही. पण चीर दिली की त्याला आत वाट मिळते. मणक्याला स्क्रू आणि रॉड बसवले असतील तर काम आणखी अवघड होतं, कारण जंतू धातूवर चिकट थर करून बसतात. त्या थरात रक्तावाटे दिलेलं औषध नीट शिरत नाही. मग जखम पुन्हा उघडून धुवावी लागते आणि कित्येक आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात. रोजंदारीवरच्या घराला हा दुसरा खर्च पहिल्यापेक्षा जड जातो.

म्हणून डॉक्टर चीर देण्याआधी साधारण तास-दोन तासांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक देतात. हा उपाय जगभर मान्य आहे. पावडर ही त्यावरची जोड. ती बहुधा व्हॅन्कोमायसिनची असते. हे औषध बोर्निओ बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून सापडलं आणि 1958 साली अमेरिकेत वापरात आलं. ऑपरेशन संपत आलं की साधारण एक ग्रॅम पावडर उघड्या जखमेत पसरतात आणि मग टाके घालतात. त्यामुळे जागेवर औषध भरपूर मिळतं, रक्तात मात्र थोडंच जातं, म्हणून मूत्रपिंडावर ताण कमी. जखमेत औषध टाकण्याची कल्पना तशी जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांजवळ जखमेवर टाकायला सल्फा पावडरीची पुडी असायची.

पण पावडरीने खरंच फरक पडतो का? 2011 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुमारे सतराशे रुग्णांची माहिती छापली. पावडर नव्हती तेव्हा हजारामागे 26 जणांना खोल जंतुसंसर्ग झाला होता, पावडर सुरू केल्यावर हजारामागे 2 जणांना. आकडा डोळे दिपवणारा आहे. मात्र ही तुलना आधीच्या काळातले रुग्ण आणि नंतरच्या काळातले रुग्ण अशी होती. मधल्या काळात दवाखान्यातल्या इतर गोष्टीही सुधारू शकतात, मग श्रेय एकट्या पावडरीला कसं द्यायचं?

आपल्या देशात कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने ही शंका नीट तपासली. मणक्याचं ऑपरेशन झालेले 907 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. 474 जणांना फक्त शिरेतलं औषध दिलं, त्यांतल्या 8 जणांना संसर्ग झाला. 433 जणांना शिरेतल्या औषधाशिवाय पावडरही दिली, त्यांतल्या 7 जणांना झाला. म्हणजे दोन्हीकडे शंभरात दोघांहून कमी, आणि फरक जवळजवळ नाहीच. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. आम्हाला त्याचा अर्थ असा वाटतो की जिथे स्वच्छता आणि वेळेवरचं इंजेक्शन आधीच चोख आहे, तिथे पावडरीला करायला फारसं काही उरत नाही. पायाच्या अवघड फ्रॅक्चरमध्ये, 2021 साली छापलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पावडरीने खोल संसर्ग शंभरात सुमारे 9 वरून 6 वर आणला, म्हणजे ती निरुपयोगीही नाही. शिवाय ती सगळ्या जंतूंवर चालत नाही. कातडीवरच्या जंतूंना ती मारते, संडासवाटे येणाऱ्या बऱ्याच जंतूंना नाही. कमरेची जखम त्या जागेजवळच असते, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा पावडर टाकायची की नाही, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांवर सोडा. विचारायला मात्र लाजू नका: "डॉक्टरसाहेब, स्क्रू बसवणार आहात का? इंजेक्शन कधी देणार? आत पावडर टाकणार का?" आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठली असेल, तर ते त्यांनी न विचारताही सांगा.

घरी टाक्यांवर पावडर, हळद, राख, खोबरेल किंवा कॅप्सूल फोडून आतलं औषध, यांतलं काहीही टाकू नका. कातडी वरून शिवलेली असते, वर टाकलेलं आतल्या संसर्गापर्यंत पोहोचत नाही. उलट घामाने त्याचा लगदा होतो, खपली धरते आणि खाली पू होत असला तरी दिसत नाही. काहींना त्या पावडरीचीच ॲलर्जी येते आणि टाक्यांभोवती लाल चट्टे उठतात.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबणाने पूर्ण अंघोळ करा. टँकरच्या दिवसांत त्या एका अंघोळीसाठी पाणी राखून ठेवा. पाठीवर वस्तरा फिरवू नका, त्याने बारीक चिरा पडतात आणि जंतूंना घर मिळतं. केस काढायची गरज असली तर दवाखान्यात मशीनने काढतील. साखर आधी तपासून ताब्यात आणा. बिडी, तंबाखू आणि मिश्री निदान महिनाभर आधी बंद करा. माताभगिनींनो, मिश्री ही तंबाखूच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. रुग्णाला अंडी, डाळ, शेंगदाणे द्या. "ऑपरेशन झालंय, अंडं चालत नाही, पू होतो," हे आजीबाईंचं म्हणणं प्रेमापोटी असलं तरी खरं नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.

आमची खरी काळजी आहे ती ऊसतोडीच्या हंगामाची. उचल घेतलेली असते, मुकादम दारात असतो, टाके निघालेले असतात आणि माणूस म्हणतो, "आता बरं आहे, जातो." टाके निघाले म्हणजे आतली जखम भरली असं नसतं. संसर्ग बहुधा पहिल्या महिन्यात दिसतो आणि स्क्रू-रॉड असतील तर तीन महिनेही नजर ठेवावी लागते. फडावरच्या खोपीत ना स्वच्छ पाणी, ना ड्रेसिंग बदलायला कोरडी जागा. एका कोयत्यातला एक जण आजारी असेल तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते, हे आम्हाला कळतं. म्हणूनच ऑपरेशनची तारीख शक्य असेल तर हंगाम संपल्यावरची, उन्हाळ्यातली घ्या आणि उचल घेण्याआधी मुकादमाला सांगा. नसा दबून पाय लुळे पडत असतील तर मात्र हंगाम बघू नका.

जावंच लागलं तर मोळीला हात लावायचा नाही. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. रोज संध्याकाळी घरच्या कुणी तरी जखम उजेडात पाहावी. दुखणं कमी होत येऊन पुन्हा वाढलं, जागा लाल, गरम किंवा सुजलेली वाटली, पाणी किंवा पू आला, वास आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, शक्यतो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच. जखमेतून पाण्यासारखं स्वच्छ गळत असेल आणि उठून बसल्यावर डोकं फार दुखत असेल, पाय जड पडले किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा. हा नंबर कर्नाटकातल्या कारखान्यावरूनही लागतो.