तंजावरच्या मैत्रिणीची मराठी

मढ, ता. जुन्नर

चि. सायली,


परवा फोनवर तू चेन्नईतल्या तुझ्या मैत्रिणीची नक्कल करून दाखवलीस. तंजावरची मुलगी, घरी मराठी बोलते, पण "ही कसली मराठी!" म्हणून तू हसलीस. मला ते लागलं.

तू स्पॅनिश शिकतेस. मोटारीला स्पेनमध्ये कोचे, कोलंबियात कार्रो आणि अर्जेंटिनात आउतो म्हणतात, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. वीस देशांची ती राजभाषा, तिची सगळी रूपं तू वहीत उतरवून घेतेस. मग आपल्याच भाषेचं दुसरं रूप ऐकून हसू का येतं?

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे भोसले यांनी 1675च्या सुमारास तंजावर घेतलं. तेव्हापासून चहूकडे तमिळ असताना तुझ्या मैत्रिणीच्या घरासारखी घरं मराठी बोलत आली. व्यंकोजींच्या मुलाने, तिथल्या शहाजीराजांनी, मराठी नाटकं लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या 1843च्या सांगलीतल्या प्रयोगाआधी सव्वाशेहून अधिक वर्षं. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास 1803 साली मराठीतच कोरला गेला. मॉरिशसमध्ये मजूर म्हणून गेलेल्यांनी आणि इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंनीही मराठी अशीच सोबत नेली. त्या मुलीच्या मराठीत तमिळ मिसळली आहे. मिसळणारच, शेजार तिचाच आहे.

ही चूक मीही केली आहे. मी शिकवत होतो तेव्हा वाडीवरच्या एका मुलाने पावसाळ्याच्या निबंधात लिहिलं होतं, "आईने इरलं घेतलं आणि आम्ही आवण काढायला गेलो." मी लाल शाईने 'आवण' खोडून 'रोपे' केलं. त्यानंतर त्याने कधीच दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं नाही. राब भाजण्यापासून चिखलणीपर्यंत भातशेतीचा एकेक शब्द त्या पोराला ठाऊक होता, आणि मी त्याचीच मराठी अशुद्ध ठरवली. आजही शेतात आवणाच्या मुठी बांधताना बघितलं की तो कागद आठवतो.

तेव्हा मैत्रिणीची माफी माग. तिच्या घरी आजी असेल तर एकदा तिच्याजवळ बस. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना ती काय म्हणते, नातवंडांना कशा हाका मारते, ते ऐक. दुरुस्ती करू नकोस. तूही आपलं मढकडचं बोलणं तिथं दडवू नकोस.

शब्द मिळतील तसे लिहून मला पाठव. मी वही घालून ठेवली आहे.

तुझा,
मामा