गाठ रक्त कुठून आणते? उंदरांकडून मिळालेले धडे

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते. वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साचते. त्यामुळे कित्येक वर्षे डॉक्टरमंडळीही तिला बिनकामाची समजत. तिचे काम कळले ते उंदरांमुळे.

१९६१ च्या सुमारास लंडनमध्ये जॅक मिलर उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्या उंदरांत हा रोग थायमसमध्येच सुरू होई. मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची ग्रंथी काढली. ती पिल्ले पुढे खंगली, साध्या जंतूंनाही बळी पडली, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारीना. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशी या ग्रंथीत तयार होतात, हे त्यातून उलगडले. 'टी' हे अक्षरही थायमसचेच.

आता गाठीकडे वळू. शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्तातून मिळते. त्यासाठी बारीक रक्तवाहिनी तिच्यापासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असावी लागते. गाठ थायमसमधली असो की आतड्यातली, नियम तोच. रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरवर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी होऊन अडते. मग तिच्यातल्या भुकेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. शेजारच्या रक्तवाहिन्यांना त्यामुळे धुमारे फुटतात आणि ते गाठीत शिरतात. तिथून गाठ भराभर वाढते; त्याच वाटेने तिच्या पेशी शरीरात इतरत्र पोचू शकतात. जखम भरताना शरीर हीच युक्ती वापरते, फक्त काम झाले की थांबते. गाठ थांबत नाही.

बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये लिहिले की गाठीची ही रसद तोडता येईल. बरीच वर्षे त्यांचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे १९९७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एंडोस्टॅटिन या पदार्थाने उंदरांच्या गाठी विरघळल्या आणि वर्तमानपत्रांनी कर्करोगावर विजय जाहीर करून टाकला. माणसांत मात्र तसा गुण आला नाही. व्हीईजीएफ अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीबरोबर दिल्यावर रुग्णांचे आयुष्य सरासरी पावणेपाच महिन्यांनी वाढले. हे थोडे नाही, पण चमत्कारही नाही. त्याने रक्तदाब वाढतो, जखमा उशिरा भरतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या आगेमागे ते थांबवतात.

मोबाईलवर 'कर्करोगावर रामबाण सापडला' अशी बातमी आली, तर प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, हे आधी पाहा. असल्या बातमीवर विसंबून चालू उपचार सोडणारे लोक आपल्या वस्त्यांतही आहेत, आणि त्याची किंमत घर मोजते.

माणसाच्या थायमसमध्येही गाठ होते, पण क्वचित. तिच्याबरोबर कधी कधी स्नायू थकण्याचा एक आजार येतो. संध्याकाळी पापण्या जड होऊन खाली येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलता-बोलता आवाज नाकातून येणे, घास गिळताना अडकणे, ही त्याची लक्षणे. विश्रांतीने बरे वाटते, म्हणून लोक अशक्तपणा समजून टॉनिक घेत बसतात. अशा वेळी मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांना दाखवावे. ते छातीचा सीटी स्कॅनही करायला सांगतील. श्वास घेणे जड जाऊ लागले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.