‘नभ उतरू आलं’ : एका प्रेमगीताचा अभ्यास

मराठी प्रेमगीत म्हटले की चांदणे, मोगरा आणि प्रियकराची वाट पाहणारी खिडकी डोळ्यांसमोर येते. ही पठडी ज्या गीतांनी मोडली, त्यांत ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील ‘नभ उतरू आलं’ हे गीत मला फार महत्त्वाचे वाटते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील हा चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला. गीत ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि स्वर आशा भोसले यांचा.

कथा कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची आहे. म्हणूनच शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला हे गीत दुरून ऐकता येत नाही. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या कुशीपर्यंत ठाकरवाड्या आहेत आणि तेथील मुलेमुली आपल्याच बाकावर बसतात.

या गीतात प्रेयसी स्वतः बोलते. तिच्या रूपाचे वर्णन करायला कवी थांबतच नाही. पाऊस, ओल, ऊब आणि एकरूप झालेले आकाश व धरती यांतून तिची ओढ कळते. ज्याचे पोट पावसावर आहे, त्याला ही नुसती उपमा वाटणार नाही. सरी आल्या की राब केलेल्या जमिनीत भात रुजतो. मीलन आणि पेरणी येथे वेगळी काढता येत नाहीत. तरीही गीत बेभान होत नाही. ओढ आणि संकोच शेजारी शेजारी उभे राहतात, आणि मला वाटते गीताचा खरा गोडवा तेथेच आहे.

आता प्रश्न असा की, हे ठाकरांचे गीत आहे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. महानोर अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे गावचे शेतकरी कवी. ‘ओलं’चे ‘वलं’ करणारी बोली महाराष्ट्रात अनेक खेड्यांत ऐकू येते. ती खास ठाकरी नव्हे. यामुळे गीत उणे ठरत नाही. मात्र स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून या चित्रपटातील गाण्यावर आपण नाचतो, तेव्हा वाडीतल्या मैत्रिणीला तिच्या आजीचे गौरीचे गाणे कोणी विचारीत नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते, ते शब्दही आपल्या वहीत नसतात.

महानोरांनी रानातली बोली कवितेत आणली, कारण ती त्यांनी आयुष्यभर कानांनी टिपली होती. त्यांच्या गीतावर प्रेम करणाऱ्याने हा धडा जरूर घ्यावा. येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावचे निदान एक गाणे, गाणाऱ्या बाईच्या संमतीने आणि तिच्याच उच्चारात, लिहून आणावे. पुढील अंकात त्यांना जागा मिळावी, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे.