वावराखालचे मालक
(तृतीय वर्ष, मायनिंग शाखा)

मायनिंगवाल्यांना कायद्याचाही पेपर असतो, हे होस्टेलमधल्या बाकी ब्रँचच्या मुलींना सांगितलं तर विश्वास बसत नाही. असतो! आणि आपण तो परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मासभर चहाच्या जोरावर उरकतो. मॅनेजरची जबाबदारी काय, कुठल्या चुकीला काय शिक्षा, हवेत मिथेन किती झाला की माणसं बाहेर काढायची... बस्स. पण ज्या जमिनीत खाण खणायची ती कोणाची, आणि तिच्या खालचं कोणाचं, हा प्रश्न आपण त्या रात्री विचारत नाही.

माझी मावसबहीण नागपूरला लॉ करते. तिने ‘ऑइल अँड गॅस लॉ’ हा विषय निवडला तेव्हा घरात सगळे हसले. चंद्रपूरच्या मुलीला तेलाचा कायदा कशाला? आपल्याकडे तेल निघतं ते जवसाचं! पण सुट्टीत तिच्या नोट्स वाचल्या आणि वाटलं, कोळशाच्या आणि लोखंडाच्या मुलखात राहणाऱ्यांनी हा विषय जरूर वाचावा. कारण त्याचा पहिला धडाच मुळी ‘खालचं कोणाचं?’ हा आहे.

आणि त्या धड्यातलं पहिलं उदाहरण निघालं थेट जंगलातलं. कोळसा किंवा लोहखनिज हे सागाच्या झाडासारखं. जिथे आहे तिथेच राहणार. हद्द आखली की कोणाचं ते ठरवता येतं. तेल आणि वायू मात्र वाघासारखे. १८८९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने एका निकालात तेल, वायू आणि पाणी यांची तुलना मोकळ्या रानटी जनावरांशी केली. ताडोबावाल्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. वाघ तुमच्या वावरात आहे तोवर तुमच्या वावरात, बांध ओलांडला की शेजाऱ्याच्या. म्हणजे शेजाऱ्याने त्याच्या जमिनीत बोअर मारलं आणि तुमच्या खालचं तेल ओढून घेतलं, तर ते त्याचं. ज्याने धरलं त्याचं! याला ‘रूल ऑफ कॅप्चर’ म्हणतात. परिणाम काय झाला असेल ते कोणीही सांगेल. जो तो घाईघाईने विहिरी मारत सुटला. १९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये मोठा साठा सापडला तेव्हा इतका उपसा झाला की भाव कोसळले आणि १९३१ मध्ये गव्हर्नरला सैनिक पाठवून विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढे विहिरींमधलं अंतर ठरवणारे नियम, सगळ्यांनी मिळून एक साठा एकत्र चालवणं, हे सगळं त्या गोंधळातून आलं.

या नियमाची आजी मात्र तेलाची नाही, पाण्याची आहे. आणि तिचं माहेर कोळशाच्या खाणीत! १८४३ सालचा इंग्लंडमधला खटला : अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल. एका गिरणीवाल्याची विहीर होती. जवळच दुसऱ्याने कोळशासाठी शाफ्ट खणले, आणि विहीर आटली. कोर्ट म्हणालं, जमिनीखालून झिरपणारं पाणी जो आपल्या जमिनीत काढेल त्याचं, शेजाऱ्याचं नुकसान झालं तरी दाद नाही. आपल्याकडच्या १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टमध्येही हाच विचार आहे. हे वाचताना मला आमच्या नातेवाइकांचं गाव आठवलं. तिथे उन्हाळा आला की चर्चा एकच असते : खाण खोल गेली आणि विहिरी आटल्या. खाणीच्या ‘डीवॉटरिंग’ची पंप-क्षमता काढायला आपण शिकतो. त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी विहीर असते, हे गणितात कुठे लिहिलेलं नसतं.

भारतात तेलाच्या बाबतीत ‘ज्याने धरलं त्याचं’ चालत नाही, कारण इथे मालक जमीनदार नसून सरकार आहे. समुद्रातलं सगळं राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाने केंद्राचं. म्हणून १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायला नाव मुंबईचं असलं, तरी तिथल्या तेलाची रॉयल्टी केंद्राकडे जाते, महाराष्ट्राला मिळत नाही. आसामला मात्र जमिनीवरच्या तेलाची मिळते. २०१० मध्ये अंबानी बंधूंच्या वायूच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने हेच ऐकवलं, की वायू देशाचा आहे, घरातल्या वाटणीच्या कागदाने त्याचा भाव ठरत नाही. तरीही वाघ बांध ओलांडतोच! कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीच्या ब्लॉकमधला वायू शेजारच्या रिलायन्सच्या ब्लॉकमध्ये सरकला, अशी तक्रार घेऊन ओएनजीसी २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेली. सरकारने रिलायन्स आणि तिच्या भागीदारांकडे दीड अब्ज डॉलरहून जास्त मागितले. २०१८ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने तो रद्द केला. १८८९ चा धडा किती ताजा आहे बघा.

आता तेलातून आपल्या मातीत येऊ. समजा राजुऱ्याकडे एका शेतकऱ्याचं पाच एकर वावर आहे. सातबारा त्याच्या नावावर. वरून खाली उतरत जाऊ.

कापूस, सोयाबीन त्याचं, यात वाद नाही. बांधावर साग आहे, तोही त्याचाच, पण तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. थोडं खाली मुरूम. इथेच मालकी बदलते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ : खनिज कुठेही असो, वर असो वा खाली, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. २०१३ मध्ये केरळच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की जमिनीखालची खनिजं आपोआप सरकारची होत नाहीत. कायद्याने काढून घेतली नसतील तर ती जमीनमालकाचीच. पेपरात वाचून अनेकांना आनंद झाला असेल. पण आपल्याकडे कलम ४८ आधीपासून बसलेलं आहे!

मुरुमाखाली कोळसा. त्यासाठी ‘कोल बेअरिंग एरियाज अ‍ॅक्ट, १९५७’. केंद्र सरकार आधी कोळसा शोधण्याची अधिसूचना काढतं, मग जमीन घेण्याची. हरकत घ्यायला ३० दिवस. नंतर जाहीरनामा निघाला की जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन केंद्राची होते आणि पुढे सरकारी कोळसा कंपनीकडे जाते. या कायद्यातलं मला सगळ्यात विशेष वाटलेलं वाक्य हरकतीच्या कलमाखाली आहे. ‘मला स्वतःलाच इथे कोळसा काढायचा आहे, सरकारने काढू नये’, असं म्हणणं ही हरकतच धरली जाणार नाही. म्हणजे असं म्हणणारा कोणीतरी येईल, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं! २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के जमीनमालकांची संमती आली. कोळशाचा १९५७ चा कायदा मात्र यातून बाजूला ठेवला. २०१५ पासून मोबदला आणि पुनर्वसन नव्या कायद्याप्रमाणे झालं, पण ‘विचारणं’ आलं नाही. मोबदला वाढला ही चांगली गोष्ट आहेच, त्यातून गावात पक्की घरं झालेली आपण पाहतो. पण भाव मिळणं वेगळं आणि विचारलं जाणं वेगळं.

गॅसची पाइपलाइन आली असती तर चित्र निराळं असतं. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यात जमीन घेत नाहीत, फक्त वापराचा हक्क घेतात. नुकसानभरपाईशिवाय बाजारभावाच्या १० टक्के देतात. शेती चालू राहते, मात्र त्या पट्ट्यावर घर, विहीर, झाड नाही. मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइनच्या मार्गावर विदर्भही आहे, तेव्हा हा कायदा इथल्या शेतकऱ्यालाही कळलेला बरा.

आता वाव ओलांडून जंगलाकडे, म्हणजे गडचिरोलीकडे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तेंदू, मोह, बांबू गावाचा. पण त्याच बांबूच्या मुळाखाली लोखंड असेल तर? ते या हक्कात येत नाही. गौण वनोपज गावाचं, खनिज सरकारचं.

पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात ‘पेसा’ कायदा (१९९६) आहे, म्हणजे गडचिरोलीच्या मोठ्या भागात आणि राजुऱ्याकडच्या काही गावांत. त्यात ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे ती गौण खनिजासाठी. मुरूम, रेती, गिट्टी. लोह आणि कोळसा ही मुख्य खनिजं, त्यांच्या पट्ट्यासाठी या कलमात ग्रामसभेचं नाव नाही. मी हे ताईला दोनदा विचारलं. ट्रॉलीभर मुरमाला गावाची शिफारस, आणि अख्ख्या डोंगराला नाही? ती म्हणाली, “हो, असंच आहे. पण लोक दुसऱ्या दाराने आत येतात.”

ते दुसरं दार म्हणजे वनहक्क. जंगल खाणीसाठी वळवायचं तर आधी तिथले वनहक्क निकाली काढा आणि ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राने २००९ च्या परिपत्रकात म्हटलं. एप्रिल २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की डोंगंरिया कोंधांच्या देवाच्या जागेवर परिणाम होतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. २०२२ च्या नियमांनी हे दार बरंच किलकिलं केलं. वनहक्काची पूर्तता बघणं आता राज्याकडे, आणि तेही केंद्राची मंजुरी येऊन गेल्यावर.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर हा आपला नियमगिरी नव्हे, असं काही जण म्हणतात आणि काही जण अगदी तसाच म्हणतात. तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. तिथेच २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली. २०२१ पासून खाण जोरात सुरू आहे. आपल्या काही सीनियर्सना त्या भागात नोकऱ्या लागल्या, गावातल्या मुलांनाही लागल्या, आणि त्याच रस्त्यावरच्या ट्रकांच्या धुळीबद्दल तीच गावं तक्रार करतात. माझं मत विचाराल तर, नोकरी हे संमतीचं उत्तर नाही. संमतीचा प्रश्न आधी विचारायचा असतो.

एक गंमत सांगते. कोळशाच्या ज्या थरांना जगभर ‘गोंडवाना’ म्हणतात, ते नाव गोंडांच्या मुलखावरून एकोणिसाव्या शतकात इंग्रज भूवैज्ञानिकांनी दिलं. जिऑलॉजीच्या पुस्तकात गोंड आहेत. कोळशाच्या कागदपत्रांत ते शोधावे लागतात.

आता परत त्या पाच एकरांत, अगदी तळाशी. कोळशाच्या भेगांत मिथेन अडकलेला असतो. आपल्या पुस्तकात तो शत्रू : हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोट. ताईच्या पुस्तकात तीच मालमत्ता! मग हा वायू कोणाचा? सागात लपलेला वाघ म्हणा. अमेरिकेत सदर्न यूट या आदिवासी जमातीकडे कोळशाची मालकी होती. कोळशातला वायूही आमचाच, असं त्यांचं म्हणणं. १९९९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ मतांनी ते फेटाळलं. कारण १९०९-१० च्या कायद्यांच्या वेळी ‘कोळसा’ म्हणजे लोकांच्या लेखी घन दगड, त्यातला वायू नव्हे. त्याआधी १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचं कोर्ट नेमकं उलट म्हणालं होतं : कोळशात आहे तोवर वायू कोळसावाल्याचा. आपल्याकडे कोळसा एका मंत्रालयाकडे आणि त्यातला वायू १९९७ च्या धोरणाने पेट्रोलियम मंत्रालयाकडे गेला. कोळशाचा पट्टा हातात असूनही कोल इंडियाला तो वायू काढायला वेगळा परवाना लागायचा. ही अट २०१८ मध्ये निघाली. २०२५ मध्ये १९४८ चा ऑइलफील्ड्स कायदा दुरुस्त झाला आणि कोल बेड मिथेन ‘खनिज तेला’च्या व्याख्येत नावानिशी आला. कोळसा मात्र त्याच व्याख्येतून नावानिशी वगळला!

म्हणजे एका सातबाऱ्याखाली किती मालक झाले ते मोजा. ताईने मला घातलेला प्रश्न मायनिंगवाल्यांसाठी देते. खाण अजून चालू व्हायची आहे. सुरक्षेसाठी आपण आधीच बोअर मारून थरातला मिथेन काढतो. तो नुसता हवेत सोडला तर कुठला कायदा लागतो, आणि त्यावर जनरेटर लावून वीज विकली तर कुठला? आणि दोन्ही वेळा त्या शेतकऱ्याला, ज्याच्या बांधावरचा साग अजून उभा आहे, कोणत्या कलमाखाली नोटीस जाते? गर्ल्स होस्टेलच्या मेसमध्ये या प्रश्नावरून दोन जेवणं थंड झाली आहेत. उत्तर सुचलं तर कलमासकट सांगा, नुसतं ‘सरकारचं’ म्हणू नका.